अद्भुत नगरीतील खानावळ : छप्पर, चूल आणि पंगत

१

मराठीतील अद्भुत कथात्म साहित्याविषयी बोलताना एक तक्रार ठरून गेल्यासारखी केली जाते. मराठी लेखकाला शापित राजकन्या, गुप्त भुयारे, मांत्रिक आणि मंतरलेल्या तलवारी निर्माण करता येतात. नांदते नगर मात्र उभे करता येत नाही, अशी ही तक्रार आहे. पाश्चात्त्य अद्भुतकथेत नगर म्हटले की वेस येते, बाजार येतो आणि बाजाराच्या कोपऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाने चालवलेली, गावात सर्वांना ठाऊक असलेली एखादी सराई येते. दूरदेशीचे प्रवासी तिथे उतरतात, शेकोटीशी बसून जेवतात, बातम्यांची देवाणघेवाण करतात आणि कथानक पुढे सरकते. मराठी अद्भुतात अशी सराई नाही, म्हणून मराठी कल्पनाशक्ती तोकडी, असा निष्कर्ष काढला जातो. भाषांतरे, चित्रमालिका आणि संगणकावरील खेळ यांच्यामार्फत ही सराई आता मराठी तरुण वाचकाच्या परिचयाची झाली आहे आणि नवे लेखक ती आपापल्या कल्पित नगरांत जशीच्या तशी उभारूही लागले आहेत.

या प्रश्नावर दोन भूमिका प्रचलित आहेत. पहिली भूमिका कलावाद्यांची. अद्भुत हे अद्भुत आहे, त्याला समाजशास्त्राची तिकिटे लावू नयेत, सराई उपयोगी पडत असेल तर लेखकाने ती जरूर वापरावी, असे ही भूमिका सांगते. दुसरी भूमिका देशीपणाचा कैवार घेणाऱ्यांची. सराई ही परक्या मातीतली वस्तू आहे, तिची उसनवारी म्हणजे वसाहतिक मनोवृत्तीचा अवशेष, असे त्यांचे म्हणणे. वरकरणी या भूमिका परस्परविरोधी वाटतात, परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. सराई ही केवळ एक वस्तू आहे, नेपथ्यातले एक सामान आहे, हे दोघांनाही मान्य आहे. एकाला ते सामान हवे आहे, दुसऱ्याला नको आहे. या गृहीतकालाच येथे आक्षेप आहे. अनोळखी माणसाला, त्याचे कूळ न विचारता, पैसे घेऊन एकाच छपराखाली निजायला जागा आणि एकाच चुलीवरचे अन्न देणे हा एक सामाजिक करार आहे. मराठी अद्भुतात सराई नाही याचे कारण हा करार मराठी समाजात झालेलाच नव्हता. ज्या गोष्टीला कल्पनेची दुर्बलता म्हटले जाते, ती समाजरचनेची अचूक नोंद आहे.

२

आधी भाषेची साक्ष काढावी. उशिरा घरी येऊन ताट मागणाऱ्या मुलाला आई विचारते, ‘ही काय खानावळ वाटली तुला?’ फुकट मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याविषयी म्हटले जाते, ‘ही काय धर्मशाळा आहे?’ मराठीत खानावळ आणि धर्मशाळा ही दोन्ही नावे घराच्या विरुद्धार्थी वापरली जातात, तीही दरडावण्यासाठी. घर म्हणजे जिथे ताट हक्काने मिळते आणि कोणाला ताट मिळणार हे आधीच ठरलेले असते. खानावळ म्हणजे जिथे हे ठरलेले नसते. म्हणून ‘कुटुंबाने चालवलेली सराई’ ही कल्पना इंग्रजी वाचकाला ऊबदार वाटते, मराठी भाषेला मात्र ती वदतोव्याघात वाटते. कुटुंबाची चूल अनोळख्यासाठी पेटायची असेल, तर त्या कुटुंबाला आपल्या चुलीच्या सोवळ्याचे काय करायचे हे आधी ठरवावे लागेल.

टोल्किनच्या १९५४ च्या कादंबरीतील ब्री या गावाची सराई या संदर्भात तपासण्यासारखी आहे. बटरबर घराण्याकडे ती कोणाला आठवत नाही इतक्या काळापासून आहे. तिथे माणसे येतात, बुटके येतात, हॉबिट येतात. हॉबिटांसाठी त्यांच्या उंचीला सोयीच्या, गोल खिडक्यांच्या वेगळ्या खोल्याही आहेत. पण सामायिक दिवाणखाना एकच आहे. वेगळेपणा आहे तो देहाच्या मापाचा. कोणाच्या स्पर्शाने कोणाचे पेय बाटत नाही. भिन्न वंशांचे लोक एका छपराखाली जेवतात हे टोल्किनला समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्या वाचकाला त्यात नवल नाही. मराठी लेखक हेच दृश्य उचलतो तेव्हा त्याने काय उचलले आहे, याची त्याला कल्पना असतेच असे नाही.

३

मराठी मुलखात प्रवासी उतरत नव्हते असे मुळीच नाही. ते कोठे उतरत, काय खात आणि त्याचे मोल कसे देत, हे तीन प्रश्न वेगळे ठेवून पाहिले पाहिजेत. छप्पर धर्मशाळेचे, देवळाच्या ओवरीचे किंवा चावडीचे. ते बहुधा विनामूल्य. अन्न मात्र ज्याचे त्याचे. प्रवाशाने शिधा बरोबर बाळगावा, विकत घ्यावा किंवा दान म्हणून स्वीकारावा आणि तीन दगडांची चूल मांडून स्वतः शिजवावा. कोरडा शिधा कोणाकडूनही घेता येतो, शिजलेले अन्न घेता येत नाही, हा या व्यवस्थेचा कणा होता. छप्पर आणि चूल यांची ही फारकत म्हणजे प्रवासातही जात शाबूत ठेवण्याची युक्ती होय. पाश्चात्त्य सराईत छप्पर, चूल आणि पैसा ही तीन अंगे एकत्र येतात. आपल्याकडे ती कटाक्षाने दूर ठेवलेली होती.

ही फारकत फार जुनी आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी हे अद्भुत नगराचे उत्तम उदाहरण. नगराबाहेर नरभक्षक बकासुर आहे, नगरवासी त्याला पाळीने माणूस पुरवतात आणि पांडव एका कुटुंबात मुक्काम करून आहेत. परक्यांना ठेवून घेणारे कुटुंब, संकटग्रस्त नगर, वेषांतर केलेले वीर ही सगळी सामग्री इथे हजर आहे. पण हे घर ब्राह्मणाचे आहे आणि पांडवांनी वेष घेतला आहे तोही ब्राह्मणाचा. शिवाय ते त्या घरचे जेवत नाहीत. भिक्षा मागून आणतात आणि कुंती तिचे वाटे करते. पुढे पांचालांच्या नगरीत ते कुंभाराच्या घरी उतरतात. ब्राह्मणवेषातील क्षत्रियांना कुंभाराचे छप्पर चालते, पण तिथेही अन्न भिक्षेचेच. छपराच्या बाबतीत महाकाव्याची कल्पनाशक्ती पुष्कळ सैल आहे. चुलीपाशी ती आवळते.

या व्यवस्थेला धक्का देणारी परंपराही याच भूमीत आहे आणि तिचा भूगोल गोदाकाठचा आहे. लीळाचरित्रातील चक्रधरांची भ्रमंती पैठण, बीड आणि आसपासच्या गावांतून होते. महानुभावांनी मुक्कामाच्या जागांची इतकी आस्था बाळगली की स्थानपोथी नावाचा स्वतंत्र ग्रंथ त्यासाठी सिद्ध झाला. देऊळ, मढ, ओवरी, त्यांची दारे आणि दिशा यांची नोंद त्यात आहे. या ग्रंथांत ‘वसती’ आणि ‘आरोगणा’ हे शब्द वेगळे येतात. राहणे एक, जेवणे दुसरे. परंतु भिक्षा चारही वर्णांच्या घरी मागावी, अशी या पंथाची शिकवण होती. सराईत अनेक माणसे एका चुलीपाशी येतात. भिक्षेत एक माणूस अनेक चुलींपाशी जातो आणि त्या साऱ्या चुली एका झोळीत मिसळतात. वारकऱ्यांच्या काल्यातही हेच घडते. मराठीला सहभोजनाची कल्पनाच सुचली नाही, असे म्हणणाऱ्यांनी झोळी आणि काला यांच्याकडे पाहिलेले नाही. मात्र झोळी संन्याशाची आहे आणि काला उत्सवाच्या दिवसाचा आहे. सामान्य माणसाने सामान्य दिवशी पैसे देऊन जेवावे, अशी जागा या दोहोंतून निर्माण झाली नाही.

४

इथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. दख्खनमध्ये सराया होत्या, मुसाफिरखाने होते. मग सराई मराठी मुलखाला परकी कशी? प्रवाशांना रांधून घालणारी भटियाऱ्यांची कुटुंबे उत्तरेकडील सरायांत पिढ्यान्‌पिढ्या राहत. कुटुंबाने चालवलेली सराई म्हणून आणखी काय दाखवायचे?

हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. मान्य केल्यावर तो देशीपणाच्या कैवाऱ्यांवरच उलटतो. सराई विलायती आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे ठरते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथल्या मराठी माणसाच्या कानावर सराई आणि मुसाफिरखाना हे शब्द इंग्रजी कादंबरीच्या कितीतरी आधी पडले होते. १८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मुळे त्या जगाची दारे पुणेरी वाचकालाही उघडली. मूळ अरबी कथाचक्रातील बद्रुद्दीन हसन दमास्कसच्या एका खाद्यविक्रेत्याचा मानलेला मुलगा होतो, त्याचे दुकान चालवतो आणि एका पक्वान्नाच्या चवीवरून वर्षांनंतर त्याची ओळख पटते. कुटुंबाचे दुकान, परगावचा प्रवासी, अन्नावरून उलगडणारे कथानक हे सगळे त्या परंपरेत सिद्ध होते. त्याच दशकात ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या मराठी अद्भुत कादंबऱ्या आल्या. अरबी कथांतील चमत्कार मराठीने आनंदाने स्वीकारले. उडते गालिचे चालले, जिन्न चालले. सराईचे जेवण तेवढे रुजले नाही. कल्पनाशक्तीने चमत्कार पचवला आणि पंगत नाकारली.

देशीपणाची जी मांडणी मराठवाड्याचा फारसी-दखनी वारसा वगळून देश कल्पिते, तिला सराई परकी वाटणारच. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कादंबऱ्यांपाशी नेऊन भिडवल्या, आणि ‘मुक्तामाले’च्या रंजनपर प्रवाहाला खालची जागा दिली. हे मूल्यमापन पुष्कळ अंशी न्याय्य असले, तरी त्याने एक प्रश्न न विचारताच राहिला. या रंजनात नेमके काय कल्पिता आले आणि काय कल्पिता आले नाही? अद्भुताला हीन मानून बाजूला ठेवले की त्याच्या मौनांचे वाचन करण्याची जबाबदारीही टळते.

५

बाख्तिनने कादंबरीतील रस्त्याला भेटीचे स्थळ मानले. सामाजिक अंतराने एरवी वेगळी राहिलेली माणसे रस्त्यावर एकमेकांना भिडतात, असा त्याचा सिद्धान्त. मराठी समीक्षेत हा सिद्धान्त जवळपास तपासणीविना वापरला जातो. ज्या समाजात रस्त्यावरची भेट हीच नियमबद्ध होती, तिथे तो कसा लागू करायचा? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी यांच्याबरोबर धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात नमूद करावे लागले. धर्मशाळा खुली आहे, हे सांगण्यासाठी ठराव लागतो, याचा अर्थ ती कोणासाठी बंद होती हे उघड आहे. भक्तीच्या पेठेत, पंढरपुरात, गाडगे महाराजांना चोखामेळ्याच्या नावाची वेगळी धर्मशाळा बांधावी लागली, हेही याच पंक्तीतले सत्य.

मराठी माणसाच्या सराईविषयी लिहिलेला सर्वांत महत्त्वाचा मजकूर अद्भुतकथेत सापडत नाही. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आत्मकथनात आहे. परदेशी शिक्षण घेतलेला हा तरुण १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला येतो. हिंदू वसतिगृहात जागा मिळणार नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो पारशांच्या सराईत खोटे पारशी नाव धारण करून उतरतो. तिथे छप्पर आहे, अन्न आहे, रोजचा दर ठरलेला आहे. म्हणजे वर सांगितलेली तिन्ही अंगे प्रथमच एकत्र आली आहेत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दारात उभा राहतो. नगर, सराई, वेषांतर, ओळख उघडी पडण्याचे भय हा अद्भुतकथेचा सगळा साचा इथे आहे; चमत्कार मात्र घडत नाही. १९३४ साली निजामाच्या राज्यातील दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्यावरून आंबेडकर आणि त्यांचे सहकारी यांना अडवले गेले, तो प्रसंगही त्याच मजकुरात आहे. ही घटना मराठवाड्याच्या भूमीवरची आहे.

भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नामनिर्देश आहे, तो या इतिहासामुळे. घटनाकारांना जे कलमात लिहावे लागले, ते अद्भुतकथेचा लेखक शेकोटीशेजारी एका वाक्यात घडवून आणतो. सेर्व्हांतेसच्या क्विक्झोटला साधी सराई दिसली आणि त्याने तिला किल्ला मानले. जी. ए. कुलकर्णी यांनी ‘यात्रिक’ या कथेत क्विक्झोटला मराठीत आणले. पण क्विक्झोटचा तो भ्रम मराठीत उलटाच व्हायला हवा. मराठी वाचकाने किल्ले भरपूर पाहिले, ऐतिहासिक कादंबऱ्यांनी ते पुनःपुन्हा बांधून दाखवले. त्याच्या दृष्टीने किल्ला वास्तव आहे आणि सर्वांना उघडी सराई हेच अद्भुत.

६

आता ‘कुटुंबाने चालवलेली’ या विशेषणाकडे वळावे, कारण सगळी ऊब या विशेषणात साठवलेली आहे. शहरांत खानावळी आल्या तेव्हा चूल आणि पैसा एकत्र आले, पण दारावर जात लिहिली गेली. ‘मराठा खानावळ’, ‘ब्राह्मणी जेवण’ या पाट्या आजही दिसतात. जातीचे नाव चवीचे नाव होऊन टिकले आहे आणि रस्सा किती तिखट हे सांगण्याच्या निमित्ताने चूल कोणाची हेही सांगितले जाते. गिरणगावात कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळी बहुशः बायका आपल्या खोलीत चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली तेव्हा या बायकांना व्यावसायिक म्हणून बँकेचे कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी त्यांचे रांधणे हे घरकाम समजले जात होते, मग ताटावर कितीही माणसे बसोत. अद्भुत नगरीतील सराईचा हसरा, पोट सुटलेला मालक सर्वांच्या लक्षात राहतो. आतल्या चुलीपाशी कोण आहे, हे लेखक सांगत नाही. ‘कुटुंब’ हा शब्द इथे पडद्याचे काम करतो.

या पडद्याची मराठवाड्यातील आवृत्ती पाहायची तर गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावाकडून नगरीकडे पाहावे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. या प्रवासात नवराबायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. दोघांचे श्रम, एक हिशेब. राहायला पाचटाची कोपी, शिजवायला तीन दगडांची चूल. छप्पर स्वतः उभारायचे, चूल स्वतः मांडायची आणि पैसा आधीच कर्ज म्हणून घेतलेला. कुटुंब या नावाखाली बाईचे श्रम जसे सराईत अदृश्य होतात, तसेच कोयत्यात. महाराष्ट्रातील एवढ्या मोठ्या प्रवासी समूहासाठी ना वास्तवात सराई आहे, ना मराठी कल्पनेत. अद्भुत नगर रचणाऱ्या लेखकाच्या वेशीवर हे कुटुंब आले, तर त्या लोकप्रिय सराईत त्याला जागा मिळेल काय? आणि मिळालीच, तर जेवणाऱ्यांच्या बाकावर की भांडी घासायच्या मोरीपाशी?

‘लोकप्रिय’ या शब्दातील लोक कोण, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही. अद्भुताला समाजशास्त्राची तिकिटे नकोत, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की कल्पित नगरात सर्व नियम लेखकाचे असतात. वास्तववादी लेखक ‘समाजच असा आहे’ म्हणून सुटू शकतो. अद्भुताच्या लेखकाला ही पळवाट नाही. त्याने आपल्या नगरात कोणाला चुलीपाशी ठेवले आणि कोणाला उंबऱ्याबाहेर, याचा जाब त्याच्याकडे अधिक कठोरपणे मागता येतो, कारण तिथे प्रत्येक उंबरा त्यानेच घातलेला असतो.

७

यावरून सराई वर्ज्य करावी, असा निष्कर्ष निघत नाही. उलट मराठी अद्भुताला सराईची नितांत गरज आहे, मात्र ती आयत्या सामानासारखी मांडून चालणार नाही. ज्या भाषेत खानावळ हा दरडावण्याचा शब्द आहे, त्या भाषेत अनोळख्याला वाढलेले पहिले ताट ही कथेतील मध्यवर्ती घटना ठरली पाहिजे. त्या ताटासाठी कुटुंबाला काय मोजावे लागले, कोणते नातलग तुटले, कोणी गिऱ्हाईक म्हणून येणे थांबवले, आतल्या बाईने पदर खोचून काय म्हटले, या प्रश्नांतून मराठी सराई उभी राहील. तिचे पूर्वज झोळीत आहेत, काल्यात आहेत, गिरणगावच्या खोल्यांत आहेत आणि निजामी मुलखातील मुसाफिरखान्यांतही आहेत.

समीक्षेपुरते बोलायचे तर अद्भुत संहितेच्या वाचनात आजवर राक्षसांची, प्रतीकांची आणि आदिबंधांची यादी पुष्कळ झाली. यापुढे कोणतेही कल्पित नगर हाती आले की विद्यार्थ्याने आधी स्वयंपाकघरात जावे. शिधा कोठून आला, शिजवला कोणी, पाणी कोणी भरले, पंगतीत कोण कोणाशेजारी बसले आणि दारातून परत कोण गेले, हे त्याने शोधावे. नकाशा, नाणी आणि राजवंशावळी यांच्यापेक्षा या पाच उत्तरांतून त्या नगराची खरी घटना वाचता येते. ज्या नगराकडे ही उत्तरे नाहीत, त्याच्या लेखकाने वेशीपासून पुन्हा बांधकामाला लागावे.